मंडळीतली सेवा आणि नम्रता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोपरखैरणेला आमची मराठी ख्रिस्ती मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. उपासना साडेनऊला, आणि साडेबाराला हॉल रिकामा करून द्यायचा. त्या तीन तासांच्या अलीकडे-पलीकडे जे चालतं, म्हणजे खुर्च्या, चहा, माइकच्या वायरी, आजींना रिक्षात बसवून देणं, त्यातूनच यातले बहुतेक प्रश्न आलेत. काही तरुण संघाच्या मुलांनी विचारले, काही ठाण्याहून येणाऱ्या पाहुण्यांनी, दोन-तीन मी स्वतःलाच विचारत आलोय. उत्तरं माझी आहेत. पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, ती दाखवली, त्यांना सगळी पटलेली नाहीत.

नम्र असणं म्हणजे स्वतःला कमी लेखणं का?

नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय काढा. येशू जेवणावरून उठतो, वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. वाचताना आपण घाईनं त्या गंगाळापाशी पोचतो आणि त्याच्या आधीचं वाक्य निसटतं. पित्यानं सगळं आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे चाललो आहोत, हे ठाऊक असताना तो उठला, असं तिथे लिहिलंय. आपण कोण आहोत याची पक्की खात्री असलेला माणूस खाली वाकला. ती खात्री नसताना वाकणं बहुतेक वेळा भीतीपोटी असतं, नाहीतर काहीतरी पदरात पाडून घेण्यासाठी.

आमच्याकडे एक मुलगी फार सुरेख गाते. गा म्हटलं की "मला कुठे येतं" असं तीनदा म्हणते, चार बायका तिची मनधरणी करतात, मग ती उभी राहते. यात दहा मिनिटं जातात आणि हॉल साडेबाराला सोडायचा असतो. येतंय तर गावं, नाही येत तर बसावं.

आमच्या आजोबांनी गावात जन्मभर सेवाच केली. आता देवळातही, म्हणजे चर्चमध्येही, आम्हाला सेवेचाच उपदेश?

घणसोलीच्या एका मुलानं हा प्रश्न उपासनेनंतर सगळ्यांसमोर विचारला होता. चहाचे कप हातात तसेच राहिले. विचारला ते बरं झालं, कारण त्या हॉलमधल्या निम्म्याहून जास्त घरांचा तो प्रश्न आहे.

आमच्यापैकी बरेचजण नगर, श्रीरामपूर, जालना भागातून आलेले. घराण्याच्या मागच्या पिढ्यांनी गावकीची कामं केली. सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढून न्यायचं, वेशीवर राखण करायची, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं. बदल्यात शिळंपाकं, आणि नावाला जमिनीचा तुकडा. त्याला वतन म्हणायचे. डॉ. आंबेडकर या महार वतनाविरुद्ध अनेक वर्षं लढले, आणि 1958 च्या कायद्यानं ही कनिष्ठ वतनं रद्द झाली. त्या सगळ्याला गावात सेवा हाच शब्द होता. मग व्यासपीठावरून कुणी "सेवक व्हा, लीन व्हा" म्हटलं की ज्याच्या आजोबांना दुसरं काही होताच आलं नाही, त्याच्या पोटात कालवाकालव होणारच.

माझं उत्तर असं. नाही म्हणायची सोय ज्याला होती, त्यानं केलेल्या कामालाच सेवा म्हणावं. येशूला ती सोय होती. आजोबांना नव्हती, त्यांच्याकडून ते करवून घेतलं गेलं. म्हणून हा उपदेश आधी त्यांना ऐकवावा ज्यांच्या घरात पाणी भरायला, फरशी पुसायला दुसरं कुणीतरी येतं.

आणि आपली मंडळी तपासून बघायची असेल तर झाडू कुणाच्या हातात आहे ते बघा. आमच्याकडे बरीच वर्षं झाडायला ठरलेली तीन घरं होती आणि शास्त्रवाचनालाही ठरलेलीच, बँकेत किंवा मंत्रालयात नोकरी असलेली. कुणी ठरवलं नव्हतं, तसं होऊन गेलं होतं. गावकीच ती, फक्त छताला पंखे होते. मग आम्ही आडनावांच्या बाराखडीप्रमाणे पाळ्या लावल्या. दुसऱ्याच रविवारी झाडू एका निवृत्त अधिकाऱ्यांकडे गेला. त्यांनी तो पेनासारखा धरला. दाराआडचा सगळा कचरा तसाच राहिला. त्यांच्यादेखत कुणी पुन्हा झाडलं नाही, आणि पुढच्या पाळीला ते स्वतःच दार ओढून मागे बघत होते.

"देवाचे सेवक" कोणाला म्हणायचं?

हा शब्द आपण बिघडवलाय. आता फ्लेक्सवर "देवाचे महान सेवक" असं लिहून खाली फोटो असतो, आणि ते आले की शाल, गुच्छ आणि पहिल्या रांगेतली गादीची खुर्ची. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये सेवकासाठी दियाकोनोस हा शब्द येतो. त्याच शब्दावरून आपला डीकन, म्हणजे चर्चमधला मदतनीस सेवक, आला. साध्या बोलण्यात त्याचा अर्थ जेवताना वाढणारा, सांगितलेलं काम करणारा. पंगतीत भाताचं पातेलं घेऊन फिरणारा पोरगा डोळ्यांसमोर आणा.

पदवीची ही खोड आजची नाही म्हणा. पोप ग्रेगरी पहिले, 590 ते 604 या काळातले, स्वतःला "देवाच्या दासांचा दास" म्हणवून घेत. पुढे पोपच्या पत्रांवर तेच बिरुद म्हणून लिहिलं जाऊ लागलं. दासपणाचंसुद्धा बिरुद होतं, म्हणून आमच्या मंडळीत आम्ही पाळकांना पाळक म्हणतो आणि सेवक हा शब्द त्या दिवशीच्या पाळीच्या कागदावर ठेवलाय.

पाय धुण्याचा विधी सगळ्या चर्चमध्ये असतो का?

कॅथलिक चर्चमध्ये पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे उपासनेत, असतो. 1955 मध्ये पोप पायस बारावे यांनी पवित्र सप्ताहाचे विधी नव्यानं लावले, तेव्हा त्याला त्या मिस्सात जागा मिळाली. नियमानं पुरुषांचेच पाय धुवायचे. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस निवडून आले आणि दोन-अडीच आठवड्यांतच रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन त्यांनी बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या आणि मुसलमानही होते. 2016 मध्ये नियमच बदलून स्त्रियांना वाट मोकळी केली. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हा विधी फारसा दिसत नाही, काही पेंटेकोस्टल मंडळ्या करतात.

आम्ही एका आज्ञा गुरुवारी (पवित्र गुरुवारचंच दुसरं नाव) करून पाहिला. बारा नावं आठवडाभर आधी सांगितली, आणि तिथेच चुकलो. अकराजण घरून पाय घासून, नखं कापून, दोघं तर पावडर लावून आले. धुण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बारावे काका एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी कामगार. त्यांची गाडी उशिरा सुटली आणि ते थेट कामावरूनच आले. घोट्यापर्यंत लाल माती, बोटांत कांद्याची साल, टाचेला भेगा. पाळकसाहेबांनी पाय हातात घेतला तसा त्यांनी मागे ओढला. "नको साहेब, घाण आहे." पुन्हा घेतला, पुन्हा ओढला. शेवटी पाळकांनी टाच तळहातावर घट्ट धरली आणि पाणी ओतलं. पांढऱ्या प्लास्टिकच्या टबातलं पाणी चहासारखं झालं. अकरा वेळा जे नुसतं चाललं होतं ते बाराव्या वेळी घडलं.

दुसऱ्यानं माझी सेवा केली की मला संकोच वाटतो. हेही नम्रतेचंच लक्षण ना?

त्या काकांनी पाय ओढला तो संकोच, तो मला कळतो. पण पेत्र या शिष्यानंही पाय धुऊन घ्यायला नकोच म्हटलं होतं, आणि येशूनं त्याचं कौतुक केलं नाही. मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही, असं सरळ सांगितलं. कायम देणाऱ्याच्याच जागी बसायचं, घेणाऱ्याच्या जागी कधी यायचं नाही, यात एक ताठा असतो. मला तो माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कळला. तरुण संघाची मुलं डबा घेऊन यायची आणि मी त्यांना दारातच "कशाला रे, आहे सगळं" म्हणायचो. घरात काहीच नसायचं. बायको नंतर खूप बोलली.

चहा आणि स्वयंपाक बायकांनीच का करायचा?

करू नये. प्रेषितांच्या कृत्यांचा 6वा अध्याय बघा. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली, म्हणून पंगतीची व्यवस्था बघायला सात माणसं निवडली. सातही पुरुष. अन् रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात प्रेषित पौल फिबी या बाईची ओळख करून देतो ती करिंथजवळच्या बंदरातल्या मंडळीची दियाकोनोस म्हणून, शब्द तोच. मग आपल्याकडे पुरुष कमिटीत आणि बायका पातेल्यापाशी ही वाटणी आली कुठून? पवित्र शास्त्रातून तर नाही. मार्थेला येशूनं जे सांगितलं, की तू कामाच्या धांदलीत आहेस आणि ऐकत बसलेल्या तुझ्या बहिणीनं चांगलं ते निवडलंय, ते वाचून उपदेश करायचा आणि त्याच वेळी मागच्या खोलीत स्टोव्हचा आवाज येत राहायचा, हे मी वर्षानुवर्षं बघितलंय. आता पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी चहा पुरुष करतात. साखर जास्त पडते.

पेस्टोरेट कमिटीची (मंडळीचा कारभार बघणाऱ्या कमिटीची) निवडणूक लढवणं नम्रतेला सोडून आहे का?

लढवा. कामाची अक्कल असलेला माणूस "मला पद नको" म्हणून घरी बसला की ते पद कुणाकडे जातं हे आपण पाहतोच. लूकच्या 22व्या अध्यायात, त्याच शेवटच्या भोजनाच्या वेळी, आपल्यात मोठा कोण यावरून शिष्यांची जुंपली होती. येशूनं कुणालाही राजीनामा द्यायला सांगितला नाही, पुढारी असेल त्यानं सेवा करणाऱ्यासारखं व्हावं एवढंच सांगितलं. हरल्यावर मंडळी बदलणार असाल तर मात्र उभे राहू नका.

हिशोब विचारला की "नम्र राहा, कुरकुर करू नका" असं सांगतात. गप्प बसायचं का?

मुळीच नाही. नम्रता हा शब्द दुसऱ्याचं तोंड बंद करायला वापरला जातो तेव्हा मला सगळ्यात जास्त चीड येते. मी स्वतः एका जुन्या मंडळीत हे भोगलंय. छताच्या दुरुस्तीच्या वर्गणीबद्दल विचारलं तर पुढचे दोन महिने माझ्यासाठी "बंडखोर आत्म्यापासून" सुटका मिळावी म्हणून प्रार्थना चालली होती. मोठ्यानं, नाव घेऊन.

पौलाचं बघा. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेला पैसा न्यायचा होता, तेव्हा त्यानं तीत या आपल्या सहकाऱ्यासोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस पाठवला, कुणी आपल्यावर ठपका ठेवू नये म्हणून. 2 करिंथकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात ते कारणासकट दिलंय. देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही व्यवहार चोख दिसला पाहिजे, असं तो म्हणतो. शिवाय आपल्याकडे 1950 चा सार्वजनिक न्यास कायदा आहे, ट्रस्टचे हिशोब तपासून घ्यावे लागतात. पौलाला जे लपवावंसं वाटलं नाही ते आपल्या खजिनदारांना का वाटावं? विचारताना आवाज खाली ठेवा, प्रश्न खाली ठेवू नका.

सेवेचे फोटो ग्रुपवर टाकावेत का?

ज्यांना मदत केली त्यांचे चेहरे अजिबात नकोत. डाव्या हाताला उजव्याचं कळू नये, हे मत्तयच्या 6व्या अध्यायातलं सगळ्यांना पाठ आहे. कॅमेरा तर दोन्ही हातांत असतो.

पंगतीत पाहुण्यांसाठी वेगळं टेबल असावं का?

इथे माझीच गोष्ट सांगतो. सेक्रेटरी असताना नाताळाच्या जेवणाला मी समोर एक टेबल लावलं. पांढरी चादर, काचेचे ग्लास, बिसलेरी. पाहुणे, कमिटी आणि मोठी देणगी दिलेली दोन घरं तिथे. बाकीचे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, ताट मांडीवर. तुर्भे स्टोअरच्या वस्तीतल्या एक मावशी ताट घेऊन जागा शोधत उभ्या होत्या आणि टेबलाच्या टोकाला एक खुर्ची रिकामी होती. त्या बसायला आल्या तर मी हात आडवा करून म्हणालो, "मावशी, तिकडे बसा ना, इथे राखीव आहे." काही न बोलता त्या मागे गेल्या. रात्री झोपताना याकोबाचं पत्र आठवलं. सोन्याची अंगठी घातलेल्याला म्हणता इथे बसा, आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला म्हणता तिथे उभा राहा. शब्दसुद्धा जवळजवळ तेच. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनालाच एकजण उपाशी आणि एकजण तर्र, असं चालायचं, त्यावरून पौल किती भडकलाय ते 1 करिंथकरांसच्या 11व्या अध्यायात आहे.

दुसऱ्या रविवारी मावशींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आरं बाबा, मला वाटलं तुझा पाहुणा यायचा हाय." ते टेबल पुन्हा लावलं नाही.

सेवा करून थकलोय. नाही म्हटलं तर पाप लागेल का?

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे निवाडे करत बसायचा. सासरा इथ्रो आला, बघितलं आणि म्हणाला, हे काही बरं नाही, तूही झिजशील आणि लोकही. कामं वाटून दे. बायबलच्या निर्गम पुस्तकाच्या 18व्या अध्यायात हे आहे. येशूनंही शिष्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या म्हटलंय, कारण त्यांना जेवायलाही सवड नव्हती. जो कधीच नाही म्हणत नाही त्याच्याविषयी मला जरा शंका येते. माझ्यावाचून मंडळी अडेल असं त्याला वाटत असतं. एक महिना सोडून बघा. अडत नाही. हे कळल्यावर थोडं वाईट वाटतं, ते वाटू द्या.

रविवारी मेगाब्लॉक असतो, ऐरोलीला शिफ्ट असते. माझ्याकडून काय होणार?

आठवड्यात एक फोन. आजारी असलेल्या, उपासनेला येऊ न शकणाऱ्या एका माणसाला. पंधरा मिनिटं त्यांचं ऐकायचं, बोलायचं कमी. आमच्याकडे एकजण नाइट शिफ्टहून परत येताना बसमधून हे करतो.

मराठी मातीत हे सगळं परकं आहे का?

अजिबात नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणायचे की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. 1895 ला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे त्यांनी ख्रिस्ती भजन-कीर्तन मराठी केलं. पंडिता रमाबाईंचं घ्या. कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना "पंडिता" आणि "सरस्वती" म्हटलं त्या बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून उपाशी मुली गोळा करून केडगावला आणत होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेही संस्कृत पांडित्य बाजूला ठेवून, शाळा न पाहिलेल्या बाईलाही कळेल अशा भाषेत. विद्वानाला सोपं लिहायला किती झिजावं लागतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

ठाण्यात यासंबंधी बघण्यासारखं काही आहे का?

तलावपाळीला गेलात तर मासुंदा तलावाच्या काठचं संत योहान बाप्तिस्ता चर्च बघा, भेळ खायच्या आधी. 1321 मध्ये चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्यात मारले गेले. टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. पुढे ओदोरिक नावाचा त्यांच्याच संघातला एक प्रवासी इथे आला आणि त्यांच्या अस्थी चीनपर्यंत घेऊन गेला. मला त्यांच्या संघाचं नाव आवडतं, फ्रायर्स मायनर, धाकटे भाऊ. आपल्या घरात धाकट्याला कोणती कामं लागतात ते आठवा. पाणी आण, दार उघड, दुकानातून मीठ घेऊन ये.

पहिल्यांदाच सेवा करायची आहे. कुठून सुरुवात करू?

रविवारी साडेआठला या. हॉलची किल्ली शाळेच्या मावशींकडे असते. त्या आपल्या मंडळीच्या नाहीत, त्यांना आधी चहा विचारा. खुर्च्या जिन्याखाली आहेत, दहा-दहाच्या चळतीत. एका वेळी पाचच उचला, सहावी घसरते. डाव्या भिंतीजवळच्या पंख्याखाली दोन खुर्च्यांची जागा मोकळी ठेवायची, तिथे व्हीलचेअर येते. काळी वायर स्पीकरची, लाल वायरीला हात लावू नका. शेवटी फळा पुसायचा, पण उजव्या कोपऱ्यात कुणा मुलांचा गृहपाठ लिहिलेला असतो, तेवढा सोडून.